कुंपणाची लेव्हल

आमच्या कुंतीच्या झुडपांच्या कुंपणाची उंची हल्ली रस्त्यावरचे लोक ठरवतात. पैसे तेवढे मी देते.

नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत आमचं रो-हाउस आहे. नेहमीचे माळीकाका गावाला जाऊन बसले, पावसानं कुंती माजली, म्हणून मोबाइलवरून ‘प्रोफेशनल’ माणसं बोलावली. रनिंग फुटाला 30 रुपये. दोन पोरं आली. अंगात हिरवे टी-शर्ट, डोळ्यांवर गॉगल, हातात बॅटरीवरचं ट्रिमर. मी सांगितलं, वरून सहा इंच घ्या, आणि बुडाशी रुंद, शेंड्याला अरुंद ठेवा, म्हणजे खालच्या पानांना ऊन लागतं आणि बूड उघडं पडत नाही. ‘हो ताई,’ पोरं म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली.

तेवढ्यात साहेब आले.

साहेब आमच्या गल्लीतलेसुद्धा नाहीत, मागच्या गल्लीतले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. दूध घेऊन घरी निघाले होते. ते रस्त्यापलीकडे थांबले, त्यांनी एक डोळा मिटला, पिशवीसकट हात पुढे करून अंगठा उभा धरला आणि म्हणाले, ‘बंद कर ते.’

ट्रिमर बंद झालं. मघाशी माझा फोन वाजत होता तेव्हा मी दारात उभी राहून दोन्ही हातांनी खुणा केल्या होत्या, तेव्हा बंद झालं नव्हतं.

‘बेंचमार्क कुठला धरलायस?’

‘काय साहेब?’

‘अरे, उंची कशापासून मोजतोयस?’

‘जमिनीपासून.’

‘जमिनीपासून!’ साहेबांनी रस्ता ओलांडला. ‘जमीन उतरती आहे. ही अख्खी गल्ली गोदावरीकडे उतरते. तू जमीन धरून कापलंस तर कुंपणही गोदावरीकडे उतरणार.’

‘उतरू दे की,’ मी म्हणाले. ‘त्यात पाणी थोडंच अडवायचंय?’

साहेबांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. ‘मॅडम, पाण्याचा प्रश्न नाही. डोळ्याला खुपतं.’

कुणाच्या डोळ्याला, हे मी विचारेपर्यंत साहेब घराकडे निघालेसुद्धा होते. जाताना दुधाची पिशवी माझ्या हातात दिली. ‘जरा फ्रीजमध्ये ठेवता? नासायचं.’ परत आले ते पारदर्शक नळी घेऊन. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ना, ती. ती माझ्याच बागेतल्या नळावर भरली, बुडबुडा राहिला म्हणून ओतून पुन्हा भरली. मग एक टोक पोराकडे दिलं आणि दुसरं माझ्याकडे.

‘मॅडम, अंगठा काढा.’

‘पाणी सांडेल.’

‘सांडत नाही. अंगठा काढल्याशिवाय पाणी खरं बोलत नाही.’

मी अंगठा काढला. पाणी वरखाली झालं, स्थिर झालं. साहेबांनी खिशातून टेप काढला (दूध आणायला जाताना हा माणूस टेप घेऊन निघतो) आणि पुटपुटत दोन्हीकडे मापं घेतली. ‘तेरा इंच! चाळीस फुटांत तेरा इंच!’ मुलीचे बारावीचे मार्क सांगावेत अशा आवाजात सांगितलं. समोरच्या बाल्कनीतून कोणीतरी ‘वा’ म्हणालं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगते, कारण त्या दिवशी मला ते कोणी विचारलं नाही. मी वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. केलंय. शेंडा छाटला की तिथून खाली येणारं ऑक्सिन हे संप्रेरक थांबतं आणि पानांच्या बगलेतले डोळे, म्हणजे बाजूचे कोंब, फुटतात, म्हणून कुंपण दाट होतं, हे मी परीक्षेत आकृतीसह लिहिलेलं आहे. कुंतीची फुलं कोवळ्या फांद्यांच्या टोकाला येतात, त्यामुळे कळ्या धरलेल्या असताना खोल छाटलं की या बहराला मुकलो, हेही मला माहीत आहे. मी ते दोनदा सांगितलं. पोरांनी ऐकून घेतलं आणि साहेबांकडे पाहिलं. आमच्याकडे प्लंबर आला तरी आधी विचारतो, ‘साहेब घरात आहेत का?’ साहेब, म्हणजे आमचे हे, घरात असतात. त्यांना वॉशर कुठे असतो ते माहीत नाही. तरी प्लंबर त्यांच्याकडे पाहून बोलतो आणि हे मान डोलावतात. बिल मात्र माझ्यासमोर धरतात. तिथे कोणाची गल्लत होत नाही.

शेवटी मी कायदा काढला. म्हटलं, राज्याच्या 1975 च्या वृक्ष कायद्यात जमिनीपासूनच फांद्या फुटणारी झुडपंही ‘झाड’ या व्याख्येत बसतात, उगाच महापालिकेची भानगड नको.

साहेब खूश झाले. बरोबरीचं कोणी भेटलं की माणूस होतो तसे. ‘बरोबर आहे. पण तो कायदा तोडण्याबद्दल. आपण तोडत नाही, समतल करतोय.’

मग समतल करणं सुरू झालं. वरच्या अंगाचं कुंपण खालच्या अंगाच्या पातळीला आणलं. ते आणल्यावर मध्ये एक खड्डा दिसला. इंटरनेटची वायर टाकायला आलेल्या माणसानं मागे कुंतीत पाय देऊन भिंतीवर चढायचा पराक्रम केला होता, ती जागा. ‘आता हीच पातळी धरा,’ साहेब म्हणाले. सगळं त्या खड्ड्याला मिळवलं. मग डावीकडे जास्त गेलं म्हणून उजवीकडून घेतलं, उजवीकडे जास्त गेलं म्हणून पुन्हा डावीकडून. दोन मांजरांचं लोणी वाटणाऱ्या माकडाच्या गोष्टीत निदान शेवटी माकडाचं पोट तरी भरतं. इथे कोणालाच काही मिळत नव्हतं, लोणी तेवढं संपत होतं.

संपलं तेव्हा कुंपण अगदी आडव्या रेषेत होतं, हे मान्य करते. खालच्या टोकाला माझ्या कमरेपर्यंत, वरच्या टोकाला गुडघ्याच्या जरा वर. स्वयंपाकघराची खिडकी अर्थातच वरच्या टोकाला. तेव्हापासून सकाळी फिरायला जाणारी मंडळी मला पोळ्या लाटताना हात करतात. एक काकू तर थांबून म्हणाल्या, ‘गॅस मोठा आहे हो.’ होता मोठा. पण माझा होता! कुंती जुन्या लाकडातून फुटते, नाही असं नाही, पण तिला घाई नसते.

छाटलेल्याचा ढीग फाटकाशी तसाच पडून आहे. कचरा उचलण्याचे पैसे वेगळे, हे बिल देताना समजलं. घंटागाडीवाल्यानं लांबूनच हात हलवला. घनकचरा नियमांत बागेचा कचरा वेगळा ठेवून पालिका सांगेल तसा द्यायचा, असं आहे. वेगळा ठेवलाय. कोणी सांगायला आलेलं नाही. सल्ल्याची गरज खरोखर असते तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नसतं.

बिल पाहिलं. चाळीस फुटांचे 1200, ठीक. त्याखाली पेननं लिहिलेलं होतं : लेव्हलिंग, 400.

‘हे काय?’

‘टाइम जास्त गेला ना ताई. साहेब म्हणाले, लावा.’

साहेब फाटकाशी नळी गुंडाळत उभे होते. त्यांनी बिल माझ्या हातातून घेतलं, चष्मा कपाळावर सरकवून बेरीज तपासली, ‘बरोबर आहे’ म्हणून मला परत दिलं आणि म्हणाले,

‘दूध देता ना?’