‘कलम २३३’ पुढे पाठवण्याआधी

गेल्या आठवड्यात तो मेसेज मला एकाच दिवशी तिघींनी पाठवला. एक माझी मावशी, एक शाळेतली मैत्रीण आणि तिसरी माझ्या वर्गात येणाऱ्या मुलीची आई. मजकूर तोच, कित्येक वर्षं फिरणारा. सरकारने नवा कायदा केला आहे, भारतीय दंड संहितेच्या कलम २३३ नुसार बलात्काराचा नुसता संशय आला तरी बाईला त्या माणसाला ठार मारण्याचा अधिकार आहे आणि तिच्यावर खुनाचा गुन्हा लागणार नाही. मराठीत येईपर्यंत त्याला शेपूटही जोडलं गेलंय: पर्समध्ये चाकू नाहीतर मिरचीचा स्प्रे ठेवा, जमलं तर पिस्तुलाचा परवाना काढा आणि पळू नका, शूर मुलगी पळत नाही.

मी अकरा वर्षं मुलींना स्वसंरक्षण शिकवते. मेसेज पाठवणाऱ्या तिघींच्याही पोटात काळजी होती, हे मला माहीत आहे. म्हणून ‘खोटं आहे’ एवढं लिहून मोकळं व्हायला मन होईना. यातली एकेक गोष्ट मुलगी खरी धरून चालली तर तिचं काय होईल, ते सांगते.

‘कलम २३३ चा नवा कायदा.’ असा कायदा नाही. जुन्या दंड संहितेचं कलम २३३ खोटी नाणी पाडण्याचं साधन बनवणं आणि विकणं याबद्दल होतं. ती संहिताच १ जुलै २०२४ पासून गेली, तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यातलं २३३ कलम खोटा असल्याचं माहीत असलेला पुरावा खरा म्हणून वापरण्याबद्दल आहे. बाईच्या बचावाशी दोन्हींचा काही संबंध नाही.

पण हक्क मात्र आहे, आणि तो अजिबात नवा नाही. १८६० च्या दंड संहितेत कलम १०० होतं, आज न्याय संहितेत ते कलम ३८ आहे. हल्ला मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती निर्माण करणारा असेल, बलात्काराच्या इराद्याने असेल, पळवून नेण्यासाठी असेल, किंवा कोणी ॲसिड फेकत असेल, तर बचाव करताना हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. ॲसिडचा भाग २०१३ मध्ये जोडला गेला. हा हक्क बाईला आहे, पुरुषालाही आहे, आणि दुसऱ्याला वाचवायला मध्ये पडणाऱ्यालाही आहे. दीडशे वर्षांहून जुना हक्क आपल्या मुलींना कुणी शाळेत सांगत नाही, म्हणून त्यांना तो खोट्या आकड्यानिशी मोबाइलवर कळतो. याचं मला फार वाईट वाटतं.

‘नुसता संशय आला तरी.’ मेसेजमधला हा सगळ्यांत धोक्याचा शब्द. कायदा संशय म्हणत नाही, वाजवी भीती म्हणतो. कोणी मागून चालत येतोय, रोखून बघतोय, याने सावध व्हायचं, रस्ता ओलांडायचा, दुकानात शिरायचं. पण त्याच्या पोटात चाकू खुपसायचा हक्क त्यातून मिळत नाही. उलट, त्याने हात टाकेपर्यंत थांबायलाच हवं असंही नाही. कलम ४० सांगतं की धोक्याची वाजवी भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो, गुन्हा प्रत्यक्ष घडलेला नसला तरी. आणि ती भीती असेपर्यंतच तो टिकतो.

हे शेवटचं वाक्य मी वर्गात तीन-तीनदा म्हणून घेते. तो खाली पडला, पळायला लागला, तुमचा रस्ता मोकळा झाला, की तुमचा हक्क तिथे संपला. त्यानंतर घातलेला घाव बचावाचा नसतो. कलम ३७ प्रमाणे बचावाला लागते त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात दोन्ही बाजू मांडल्या: हा हक्क संकट टाळण्यासाठी आहे, सूड घेण्यासाठी नाही; आणि जिवावर बेतलेल्या माणसाने प्रत्येक फटका तोलून मापून मारावा अशी अपेक्षाही धरता येणार नाही. मुलींना हे दुसरं वाक्य ऐकून धीर येतो. तो मी त्यांना मनापासून देते, कारण तो खरा आहे.

‘गुन्हा लागणारच नाही.’ माणूस मेला की पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं, चौकशी होते. बचावात मारलं हे दाखवण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते, साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ नुसार. मात्र सरकारी पक्षाला गुन्हा जसा पक्का सिद्ध करावा लागतो तसं तिला करावं लागत नाही. तिचं म्हणणं शक्यतेच्या पारड्यात जड ठरलं की पुरतं.

जानेवारी २०२१ मध्ये तमिळनाडूच्या तिरुवल्लूर जिल्ह्यात एकोणीस वर्षांच्या मुलीवर एकाने चाकूच्या धाकाने बळजबरी करायचा प्रयत्न केला. झटापटीत चाकू तिच्या हाती आला, तिने वार केला आणि हल्लेखोर मेला. ती स्वतः पोलिसांकडे गेली, घडलेलं सांगितलं. पोलिसांनी तपास केला आणि कलम १०० चा आधार घेऊन तिला सोडलं. ती सुटली ती ठाण्यात जाऊन सगळं सांगितलं म्हणून, तपासात ते जुळलं म्हणून. ‘गुन्हा लागत नाही’ या भरवशावर घरी जाऊन कपडे धुणारी मुलगी आपल्याच बाजूचा पुरावा पाण्यात घालवते. त्या घटनेतल्या आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा: चाकू हल्लेखोराचा होता, आणि हल्लेखोर तिच्या नात्यातला होता.

‘पर्समध्ये चाकू किंवा स्प्रे ठेवा.’ इथे मला जरा थांबायचंय, कारण हे मी रोज डोळ्यांनी बघते.

आमच्या हॉलमध्ये मी जमिनीवर पांढरी पट्टी चिकटवली आहे, भिंतीपासून सात पावलांवर. मुलीने भिंतीशी उभं राहायचं, नेहमीची पर्स खांद्याला, स्प्रे पर्समध्ये. मी पट्टीवरून चालत येणार, धावत नाही. तिने स्प्रे काढून माझ्याकडे धरायचा. मागच्या महिन्यात बँकेत काम करणारी एक मुलगी उभी राहिली. पर्सची चेन अर्ध्यात अडकली. आत डबा, छत्री, चार्जर, पावत्यांची गुंडाळी. मी तिच्या खांद्याला हात लावला, परत पट्टीपर्यंत गेले, वळले, तरी तिचा हात पर्सच्या तळाशीच होता. स्प्रे निघाला तेव्हा झाकणाचं कुलूप कुठल्या बाजूला फिरतं ते तिला आठवेना. दोन वर्षं ती तो बाळगत होती, एकदाही दाबला नव्हता. खाली तारीख पाहिली तर मुदत सात महिन्यांपूर्वी संपलेली.

अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये मांडलेला हिशोब जगभरच्या पोलिसांना शिकवतात: एकवीस फुटांवरचा माणूस धावत आला तर साधारण दीड सेकंदात अंगावर पोहोचतो. एकवीस फूट म्हणजे आपली सात पावलंच. दीड सेकंदात पर्सची चेनही उघडत नाही.

तरी स्प्रेला माझी ना नाही. चाकूपेक्षा तो शतपटीने बरा, कारण तो दुरून चालतो आणि माणूस मरत नाही. पण तो हातात हवा, किंवा पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात, रोज त्याच जागी. बसस्टॉपवरून घराच्या गल्लीत वळताना तो मुठीत घ्यायचा, घरी पोहोचल्यावर परत ठेवायचा. सरावासाठी पाण्याचा स्प्रे मिळतो, तो घेऊन गच्चीवर जा. वारा समोरून असताना दाबून बघा, अर्धं पाणी आपल्याच तोंडावर येतं, मिरचीचंही तेच होतं. बंद रिक्षात किंवा लिफ्टमध्ये मारलात तर खोकला दोघांनाही येणार. डोळ्यांच्या रेषेत आडवा फवारा, तोंडाने मोठी आरोळी आणि पाय लगेच उलट्या दिशेला. परिणाम झाला का हे बघत उभं राहायचं नाही. आणि भांडणात हा काढायचा नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका जागेच्या वादातली केस रद्द करायला नकार देताना म्हटलं की जिवाला तातडीचा धोका नसताना वापरलेला असा स्प्रे हे धोकादायक शस्त्र आहे, तिथे बचावाचं कारण चालत नाही.

चाकूचं सांगते. २०१३ च्या जानेवारीत, दिल्लीच्या घटनेनंतर, मुंबईत शिवसेनेने महिलांना चाकू वाटले होते. लोकांचा संताप खरा होता, पण तो मार्ग मला तेव्हाही पटला नव्हता. चाकू चालवायला हल्लेखोराच्या हाताच्या टप्प्यात जावं लागतं, आणि तिथून तर आपल्याला बाहेर पडायचं असतं. ओल्या, थरथरत्या हातातून तो सुटतो आणि मग तो त्याच्या हातात असतो. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शहरांत वेळोवेळी मनाई आदेश निघतात, त्यात सुरे आणि काठ्या बाळगायलाही बंदी असते. सणाच्या गर्दीत झडती झाली आणि पर्समध्ये सुरा निघाला तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

‘पिस्तुलाचा परवाना काढा.’ शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवाना एकवीस वर्षांखाली मिळत नाही, पोलीस चौकशी लागते, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण लागतं. म्हणजे कॉलेजला जाणाऱ्या बहुतेक मुली, ज्यांच्यासाठी हा मेसेज फिरतो, त्या यातून बाहेरच. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास महिलांसाठी ‘निर्भीक’ नावाचं पाचशे ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर काढलं, किंमत एक लाख बावीस हजारांच्या वर. तेवढ्या पैशांत एका गावातल्या सगळ्या मुलींना वर्षभर शिकवता येईल. ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांना एवढंच सांगते, की घरात मूल असेल तर हत्यार कुलपात आणि गोळ्या दुसऱ्या कुलपात. आणि ते नियमित हाताळायचं नसेल तर ते आपल्या बचावाचं साधन आहे असं धरून चालू नका.

‘शूर मुलगी पळत नाही.’ या वाक्यावर माझा खरा राग आहे.

पळणं हाच बचाव आहे. मी जे काही शिकवते, मनगट सोडवणं, कोपर मारणं, ओरडणं, ते सगळं पळायला तीन सेकंद मिळावेत म्हणून. आणि कधी मुलीला पळताही येत नाही, ओरडताही येत नाही. अंग गोठतं. घशातून आवाज निघत नाही, पाय जमिनीला चिकटतात. ते शरीर आपोआप करतं, त्यात भ्याडपणा नाही. सराव केला की गोठणं कमी होतं, पण अजिबात होणार नाही असं वचन कुणी देऊ नये.

गोठलेल्या मुलीचं काय होतं ते महाराष्ट्राने पाहिलंय. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची केस झाली. नागपूरच्या उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिलं. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, असं कारण त्यात होतं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. आज न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे की शरीराने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं धरता येणार नाही. हे एक वाक्य मिळवायला इतकी वर्षं लागली, आणि आपण आपल्याच मुलींना मेसेज पाठवतो की लढली नाहीस तर तू शूर नाहीस.

या मेसेजमध्ये हल्लेखोर नेहमी अंधाऱ्या रस्त्यावरचा अनोळखी माणूस असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत वर्षानुवर्षं दहापैकी नऊहून जास्त बलात्कारांत आरोपी ओळखीचा निघतो: नातेवाईक, शेजारी, मित्र, साहेब. काकाच्या घरात मुलगी स्प्रे मुठीत धरून बसत नाही. तिथे कामाला येतं ते एवढंच, की ‘मला त्यांच्याबरोबर जायचं नाही’ असं ती म्हणाली तर आईने ‘असं बोलू नये मोठ्यांना’ असं म्हणू नये. मेसेज पाठवणाऱ्या त्या आईला मी हेच फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “ताई, ती एकदा असं म्हणाली होती.” पुढचं बोलणं आम्ही प्रत्यक्ष भेटून केलं.

शनिवारच्या वर्गात मी मुलींना मोबाइल बाहेर काढायला सांगितलं. पॉवरचं बटण तीनदा किंवा पाचदा भरभर दाबलं की ११२ ला फोन किंवा घरच्यांना संदेश जातो. आपल्या फोनवर कितीदा ते सेटिंगमध्ये ‘इमर्जन्सी’खाली दिसतं. एकोणीस मुली होत्या, चौघींचंच चालू होतं. वीस मिनिटांत सगळ्यांचं झालं. एकीने विचारलं, “आईच्या फोनवर पण करू का?” मग पुढचा अर्धा तास त्या एकेकीच्या घरी फोन करून आयांना बटण शोधायला सांगत होत्या.