एक क्विंटल कापसाचं जॅकेट

डिसेंबर २०२२ मध्ये मी आठ हजारांचं जॅकेट घेतलं. टिपेश्वर अभयारण्याच्या सुन्ना गेटवर पहिल्याच सकाळी सोबतच्या गाईडनं त्याची बाही चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाला, "अबे, एवढ्यात तं एक क्विंटल कापूस येते!"

खरं होतं ते. पांढरकवड्याच्या बाजारात तेव्हा कापसाचा भाव साधारण तेवढाच होता. त्याचं ते वाक्य आजवर डोक्यातून गेलेलं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

मी टिपेश्वरला गाईड आहे आणि घरची पाच एकर पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक, आहे. दोन्ही कामं उघड्यावरची. हिवाळ्यात पहाटे उघड्या जिप्सीत मागे तोंड करून उभं राहिलं की वारा हाडात शिरतो. रात्री हरभऱ्याला जागल असते, डुकरं येतात. आधी मी आठवडी बाजारातून आठ-नऊशेचं जॅकेट घ्यायचो. एका हंगामात चेन जायची, दुसऱ्यात आतला कापूस गोळा होऊन खाली बसायचा. पाच वर्षांत चार झाली. हे महागडं जॅकेट चौथा हिवाळा काढतं आहे आणि शिवण एकाही ठिकाणी उसवलेली नाही. तेव्हा नुसत्या टिकाऊपणाच्या हिशेबानं विचाराल तर पैसे वसूल होतात, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, जाहिरात करायची नाही.

पण मी ते घेतलं ते आतल्या चिठ्ठीमुळे. शिवणाऱ्या कामगारांना योग्य मोबदला दिला आहे, असं तिच्यावर लिहिलं होतं. यातल्या चांगल्या पद्धतीत कंपनी प्रत्येक नगामागे थोडी जादा रक्कम कामगारांच्या निधीत टाकते आणि तिचं काय करायचं ते कामगारच मतानं ठरवतात. हे का लागतं ते समजायला २४ एप्रिल २०१३ आठवावा. ढाक्याजवळ सावरला राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली, १,१३४ माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद झाली, वरच्या शिवणकामाच्या बायांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. स्वस्त कपड्याची उरलेली किंमत त्या बायांनी भरली. त्यामुळे कोणी "एवढे पैसे कशाला देतो?" म्हणालं की मला ती इमारत दिसते.

इथवर माझ्या मनात काही शंका नाही. माझं भांडण पुढे सुरू होतं. शिवणाऱ्या हातांपाशी ही चिठ्ठी थांबते. सुताच्या मागे जात नाही, सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगच्या मागे जात नाही, वावरापर्यंत तर येतच नाही.

२०१७ चा खरीप यवतमाळ जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. पंप पाठीवर घेऊन आत शिरलं की फवारा वरच्या पानांवर मारावा लागायचा आणि तोच तोंडावर, छातीवर परत यायचा. जिल्ह्यात २० हून जास्त माणसं विषबाधेनं दगावली. माझ्या चुलतभावाला चार दिवस डोळ्यांपुढे नुसतं पांढरं दिसत होतं. त्याच्या अंगात काय होतं? बनियन, लुंगी, नाकाला बांधलेला शेला. पुढे मास्क, चष्मे, हातमोजे वाटले गेले. सप्टेंबरच्या दमट उकाड्यात ते घालून कोणी एक तास काढून दाखवावा. बर्फात घालायच्या कपड्यांवर जगभर एवढी अक्कल खर्च होते, पण पऱ्हाटीत शिरणाऱ्या माणसाला सोसेल आणि विषही अडवेल असा एक सदरा आमच्या बाजारात आजही मिळत नाही. माझ्या लेखी आउटडोअर कपड्यांचा पहिला प्रश्न हा आहे.

म्हणून सेंद्रिय कापसाला जादा पैसे द्यावेत असं मला मनापासून वाटतं, कारण त्यात रासायनिक फवारा नाही. पण ते सोपं नाही. सेंद्रियला बीटी, म्हणजे जनुकं बदललेलं, बियाणं चालत नाही, आणि २००२ मध्ये बीटीला मंजुरी मिळाल्यापासून कृषी केंद्रात दुसरं बियाणं मिळणं कठीण झालं आहे. शेत बदलायला दोन-तीन वर्षं लागतात. त्या काळात पीक कमी येतं आणि भाव मात्र साध्या कापसाचाच मिळतो. तो खड्डा कास्तकारानं एकट्यानं कसा भरायचा? शिवाय फसवणूकही आहे. २०२० मध्ये भारतातल्या सुमारे २०,००० टन कापसाची सेंद्रिय म्हणून दिलेली कागदपत्रं बनावट असल्याचं उघड झालं. कागद देणाऱ्यांनी पैसे खाल्ले आणि बदनामी खरं सेंद्रिय पिकवणाऱ्यांच्या वाट्याला आली.

आता आकडा सांगतो, मी स्वतः मांडलेला. एका क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी. तीनशे ग्रॅमच्या जाड सदऱ्याला कताई-कटाईची तूट धरून सव्वा किलो कापूस लागतो. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, म्हणजे सदऱ्यामागे शेतकऱ्याला शंभर रुपये. त्यातून वेचाई किलोला दहा रुपये, म्हणजे वेचणाऱ्या बाईला साडेबारा. असा सदरा शहरातल्या मॉलमध्ये तीन हजारांना टांगलेला मी पाहिला आहे. कापसाचा भाव दुप्पट केला तरी त्या सदऱ्यावर फक्त शंभर रुपये चढतात. उलट २०२५ च्या ऑगस्टात बाहेरून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत उठवलं, ऐन आमचा माल घरात यायच्या वेळी.

माझं जॅकेटही कापसाचं नाही, पॉलिस्टर आहे. जुन्या बाटल्या वितळवून केलेलं असलं तरी प्लॅस्टिकच. धुतलं की त्याचे बारीक तंतू नाल्यात जातात, हे कळल्यापासून मी ते हंगामात एकदाच धुतो. पण ओला कापूस थंडीत अंगाला चिकटतो आणि जीव घेतो, हेही खरं. पहाटेच्या दोन महिन्यांपुरतं मी ते मान्य केलं आहे.

उरलेले दहा महिने मात्र आमचं हवामान कापसाचंच आहे. मे महिन्यात पंचेचाळीस अंशात दुपारच्या फेरीला जाऊन बघा. कोणत्याही परदेशी कंपनीचा 'घाम सुकवणारा' सदरा वर्ध्याच्या खादीपुढे टिकत नाही. तिथे मगन संग्रहालयात सेंद्रिय कापसाची, झाडापानांच्या रंगात रंगवलेली खादी मिळते. कापूस इथला, सूत इथलं, विणणारे हात इथले. दुकानात विचारलं तर उत्तर मिळतं. मला पैसे द्यायला आवडतात ते अशा ठिकाणी. तुमच्यापैकी ज्यांना तीन हजारांचा सदरा परवडतो, त्यांनी काउंटरवर एवढंच विचारा की कापूस कोणत्या गावचा. दहा जणांनी विचारलं तर मॅनेजर वर फोन लावेल.

या दिवाळीत तिथून दोन सदरे आणले. एक माझ्यासाठी, एक आईसाठी. आमच्याकडे वेचणीला बाया लुगड्यावर नवऱ्याचा नाही तर पोराचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा चढवतात, म्हणजे बोंडाच्या टोकांनी हात ओरबाडत नाहीत. आई चाळीस वर्षं उतरलेले सदरेच घालत आली. नवा दिला तर घडी करून पेटीत ठेवला. "नवं वावरात कोन घालते, बापा?"

उद्या दुसरी वेचणी आहे. सदरा पेटीतून काढून तिच्या कापूस वेचायच्या ओटीच्या कापडावर ठेवून आलो आहे.