वीस मिनिटांचं चिकन

कृतीच्या डोक्यावर लिहिलं होतं, 'तयारी ५ मिनिटं, शिजायला १५.' तेवढ्यावर विसंबून बुधवारी संध्याकाळी सात वाजता मी घरात जाहीर केलं, की आज स्वयंपाक माझा. क्रीमी हर्ब चिकन. बायकोनं एकदा घड्याळाकडे पाहिलं. सासूबाई कोल्हापूरच्या. त्या स्टूल ओढून ओट्यापाशीच बसल्या.

चिकनवाल्यानं सवयीनं विचारलं होतं, "करी कट की बिर्याणी कट?" "नुसतं ब्रेस्ट, बोनलेस, अख्खं," म्हटल्यावर माझ्या पोटाकडे बघत म्हणाला, "जिम लावली का साहेब?"

थाईम मिळालं नाही. पार्सली म्हणून जी जुडी आणली, ती घरी येईपर्यंत कोथिंबीर झाली होती. शेवटी फ्रिजच्या दारातल्या, पिझ्झाबरोबर साठलेल्या ओरेगॅनोच्या पुड्या काढल्या. एका पुडीत चिमूटभर माल. अकरा पुड्या दातांनी फाडल्या, त्यातल्या दोन चिलीफ्लेक्सच्या निघाल्या. जीभ बधिर. पावणेआठ.

चिकन धुतलं आणि तसंच ओलं तव्यावर टाकलं. खरपूस होणं राहिलं बाजूला, ते आपल्याच पाण्यात डुंबत बसलं. पाणी आटेस्तोवर वरून चामडं, मध्ये गुलाबी. आधी आडवं चिरून पातळ काप करायचे होते म्हणे. ते चौथ्या परिच्छेदात होतं, मी अजून तिसऱ्यात होतो.

मग क्रीम. कृतीतल्या अमेरिकन क्रीममध्ये स्निग्धांश किमान ३६ टक्के, आपल्या पाकिटातल्यात २५. मधले अकरा टक्के किती कामाचे असतात, हे मोठ्या गॅसवर लिंबू पिळल्यावर समजलं. सॉसचं क्षणात चोथापाणी.

सासूबाई डोकावल्या. "पांढरा रस्सा फुटला वाटतं."

"सॉस आहे तो, आई."

"असेल. पण जावईबापू, नारळाचं दूध घातल्यावर एवढा जाळ ठेवतं का कुणी? आणि आंबट गॅस बंद केल्यावर."

त्या उठल्या. तवा उतरवला, मूठभर काजू आणि खसखस वाटून घातली, पळी फिरवत राहिल्या. फुटलेलं सगळं मुकाट एक झालं. चिकनचे तुकडे करून त्यातच सोडले, मंद गॅसवर झाकण ठेवलं.

सव्वानऊला पानं वाढली. चिरंजीवांनी पहिला घास घेतला, जरा थांबले.

"आजी, तुझा पांढरा रस्सा आज पिझ्झासारखा का लागतोय?"