परतलेला फौजी आणि पडद्यावरचा गोळीबार : एका प्रतिक्रियेला उत्तर

युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या चित्रपटांवरील माझ्या लेखाला आलेली आपली प्रतिक्रिया मी गेल्या दोन दिवसांत अनेकदा वाचली. युद्धानंतर जडणारा मानसिक आघाताचा आजार हे अमेरिकी चित्रपटांनी रुजवलेले खूळ असून ते मी आपल्याकडच्या फौजींच्या माथी मारतो आहे, आणि असे लेख वाचून गावातली माणसे माजी सैनिकांकडे संशयाने पाहू लागतील, असे आपण लिहिले आहे. आपले वडील 1971च्या लढाईत होते, पेन्शनीवर आल्यावर त्यांनी आर्वीकडे तीस वर्षे शेती केली आणि घरात कधी कोणावर हात उचलला नाही, हेही आपण सांगितले आहे.

संशयाबद्दलचा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. ‘टॅक्सी ड्रायव्हर’मधला (1976) माजी मरीन सैनिक रात्री झोप येत नाही म्हणून टॅक्सी चालवू लागतो, हे मी एका वाक्यात उरकले आणि शेवटच्या गोळीबारावर दोन परिच्छेद खर्च केले. ‘फर्स्ट ब्लड’विषयी (1982) लिहितानाही तेच झाले. ही चूक माझी आहे.

आपल्या वडिलांना हा आजार होता असे मी मुळीच सुचवत नाही; युद्ध पाहिलेल्या बहुतेकांना तो होत नाही. परंतु ‘कधी हात उचलला नाही’ हा आजार नसल्याचा पुरावा आपल्याला वाटला, तो का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. पहिल्या महायुद्धात ज्याला ‘शेल शॉक’ म्हणत, त्याच्याशी नाते सांगणाऱ्या या आजाराला ‘पीटीएसडी’ (आघातोत्तर तणाव विकार) हे आजचे नाव 1980 साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने दिले. त्याच्या लक्षणांत चिडचिड आणि संताप आहेतच. पण मोडलेली झोप, पुन्हापुन्हा पडणारी तीच वाईट स्वप्ने, आठवण जागी करणारी माणसे आणि जागा टाळत राहणे, आपल्याच घरात परके वाटणे, हेही आहे. संताप पडद्यावर सहज दाखवता येतो, टाळणे दाखवणे फार अवघड असते, आणि म्हणून प्रेक्षकाच्या मनात आजार म्हणजे स्फोट एवढेच समीकरण उरते.

आमच्या गावात एक फौजी काका होते. तूर-हरभऱ्याच्या दिवसांत रानडुकरे आणि रोही (नीलगाई) यांच्यापासून पीक राखायला ते स्वतःच्या शेताबरोबर इतरांच्याही शेतात जागलीला जात, आणि सारा गाव त्यांच्या कष्टाळूपणाचे कौतुक करी. पोरांनी जनावरे हाकलायला सुतळी बॉम्ब काढला की मात्र ते म्हणत, ‘बॉम्ब नको, डबे वाजवा.’ त्यांना रात्र रात्र झोपच लागत नव्हती, हे आम्हाला फार उशिरा कळले. त्यांनीही कधी कोणावर हात उचलला नाही.

अशा माणसाच्या जवळ जाणारे प्रसंग चित्रपटांत अगदीच नाहीत असे नाही. आजाराला हे नाव मिळण्याच्या 34 वर्षे आधी आलेल्या ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’मध्ये (1946) परत आलेला हवाई दलातला अधिकारी भंगारात काढलेल्या बॉम्बफेकी विमानात एकटा जाऊन बसतो. विमानाला इंजिने उरलेली नाहीत, लढाईचे एकही दृश्य दाखवलेले नाही. केवळ संगीत आणि त्याचा घामेजलेला चेहरा यांतून सगळे कळते. त्याच चित्रपटात दोन्ही हात गमावलेल्या खलाशाची भूमिका हॅरॉल्ड रसेल यांनी केली, ज्यांचे हात सैन्यात प्रशिक्षण देताना झालेल्या स्फोटात खरोखरच गेले होते. ‘द हर्ट लॉकर’मध्ये (2008) बॉम्ब निकामी करणारा जवान घरी येतो आणि दुकानात न्याहारीच्या खोक्यांच्या लांबच लांब रांगेसमोर काय घ्यावे ते न सुचून उभा राहतो. मूळ लेखात मी याच प्रसंगांवर लिहायला हवे होते.

आपल्या वडिलांच्या लढाईवर आपल्याकडे ‘बॉर्डर’ (1997) आला. लोंगेवालाची ती गोष्ट रणांगणावरच संपते. गावी परतलेल्या जवानाची पुढची तीस वर्षे आपल्या चित्रपटांनी जवळजवळ पाहिलीच नाहीत, आणि म्हणून हा आजार परक्यांचा वाटतो, असे मला वाटते.

लेखातले गोळीबाराचे परिच्छेद मी काढले आहेत. लेख मात्र मागे घेत नाही, कारण आमच्या काकांच्या घरच्यांनी आधी बाहेरची बाधा समजून भगत (मांत्रिक) केला आणि त्यात काही वर्षे गेली. लेखाच्या शेवटी ‘टेलिमानस’ या सरकारी मोफत मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक जोडला आहे. तिथे मराठीतही बोलता येते.