दिवा लुकलुकला म्हणून लगेच इंजिन खोलायचं का?

चौघांपुढचा प्रश्न साधा होता. जुनी कार्ब्युरेटरची पेट्रोल गाडी. इंजिन थंड असताना काही तक्रार नाही, पण अर्धा तास चालवून आयडलला उभी केली की ऑइल प्रेशरचा दिवा लुकलुकतो आणि जरा रेस दिली की विझतो. आता करायचं काय?

पक्या : पातळ ऑइल काढ, जाड २०डब्ल्यू-५० टाक. विषय संपला.

विद्या : दिवा विझेल रे, दुखणं कुठे जाईल? आधी दिवा खरं बोलतोय का ते तरी बघ.

सतीशने हे लावून धरलं. बहुतेक गाड्यांत प्रेशर स्विच ०.३ ते ०.५ बारच्या खाली, म्हणजे साधारण ४ ते ७ पीएसआयला दिवा लावतो. चावी चालू ठेवून स्विचची वायर काढायची. दिवा विझला पाहिजे. विझला नाही तर वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय. स्विचचं टर्मिनल तेलाने ओलं दिसलं तर स्विच बदलायचा. पुढचं काम म्हणजे स्विच काढून त्याच भोकात मेकॅनिकल गेज लावणं.

सतीश : आणि आटे बघून. १/८ एनपीटी या अमेरिकन मापाला इंचात २७ आटे, १/८ बीएसपी या ब्रिटिश मापाला २८, आणि मेट्रिक एम १० बाय १ पण जवळजवळ तसाच दिसतो. तिन्ही दोन फेरे सहज बसतात. तिसऱ्या फेऱ्याला पान्ह्याचा जोर लावलास की अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेले.

नाना : माप गरम इंजिनवरच. पाण्याचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइल तापलं असं नाही, ते मागाहून तापतं. वीसेक मिनिटं चालवा, मग आयडल, २००० आणि ३००० आरपीएमचे आकडे लिहून घ्या.

किती हवं, यावर फार भांडण झालं नाही. दर १००० आरपीएमला १० पीएसआय हा ढोबळ हिशोब, शेवटचा शब्द त्या इंजिनच्या मॅन्युअलचा. गरम आयडलला ८-१० दाखवणारी कित्येक जुनी इंजिनं सुखाने चालतात.

पक्याने मग दुसरा उपाय काढला : जादा प्रेशर सोडून देणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागे एक वायसर. इथे विद्या तापली.

विद्या : रिलीफ व्हॉल्व्ह फक्त वरची मर्यादा ठरवतो. आयडलला तो बंदच असतो. बंद दरवाजाला आणखी एक कडी लावून आतलं प्रेशर वाढेल कसं? उलट थंडीत स्टार्ट केल्यावर प्रेशर नको तितकं चढेल. फिल्टरचं सील फुटेल, पंप फिरवणाऱ्या गिअरवर ताण येईल. जुन्या इंजिनात बऱ्याचदा डिस्ट्रिब्युटरही त्याच गिअरवर असतो.

सतीश : पण व्हॉल्व्ह काढून बघायलाच हवा. प्लंजर, म्हणजे आतला सरकता दट्ट्या, आणि सीटच्या मध्ये कचऱ्याचा कण अडकला तर तो अर्धवट उघडाच राहतो, मग आयडललाही कमी आणि ३००० लाही कमी. धुतलेला प्लंजर भोकात स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. ओरखडे असतील तर बदला. स्प्रिंगची मोकळी लांबी मॅन्युअलशी ताडून बघा.

म्हणजे आकडे कसे पडतात त्यावर सगळं आहे. आयडलला कमी आणि रेसला ठीक, तर ऑइल पातळ झालंय किंवा क्रँकची बेअरिंग सैल आहेत. रेसला काटा वर जाऊन पुन्हा पडत असेल तर इंजिनखालच्या ऑइल चेंबरमध्ये पंप जिथून ऑइल ओढतो त्या पिकअपच्या जाळीवर गाळ बसलाय. काटा थरथरत असेल तर पिकअपच्या नळीचा ओ-रिंग कडक होऊन पंप हवा ओढतोय. वळणावर किंवा ब्रेकला पडत असेल तर आधी डिपस्टिक बघा, लेव्हल कमी असेल.

डिपस्टिकचा वासही घ्या, असं नानांचं म्हणणं. लेव्हल आपोआप वाढलेली आणि पेट्रोलचा वास, म्हणजे फ्युएल पंपाचा डायफ्रॅम फाटून पेट्रोल चेंबरमध्ये उतरतंय किंवा कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतोय. तो दोष काढायचा, ऑइल आणि फिल्टर बदलायचे, मगच पुन्हा गेज. इथवर नाना बरोबर होते. पण पुढे त्यांनी फ्लश, म्हणजे औषध घालून इंजिन आतून धुणं, सुचवला आणि सगळेच तुटून पडले. वर्षानुवर्षांचा गाळ एकदम सुटला की थेट त्या जाळीवर जाऊन बसतो.

पक्या : मग जाड ऑइलने बिघडतं काय ते तरी सांगा!

विद्या : १०० अंशाला ३० ग्रेडची व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक, ५० ची १६.३ ते २१.९. काटा चढणारच. पण पंप ढकलतो ऑइल, प्रेशर येतं अडथळ्यातून. जाड ऑइलने अडथळा वाढला, बेअरिंगची झीज भरून निघाली नाही.

मॅन्युअलमध्येच २०डब्ल्यू-५० लिहिलंय आणि कुणी ५डब्ल्यू-३० भरलंय, तर पक्याचं बरोबर. हे तिनेही मान्य केलं.

जुना फिल्टर कापून घड्या उलगडून बघा. चुंबकाला चिकटलं ते लोखंड. न चिकटणारे मऊ चंदेरी किंवा तांबूस कण दिसले तर बेअरिंगचा थर सुटतोय. ठोका येत असेल तर एकेका प्लगची वायर काढा; ज्या सिलिंडरला ठोका मंदावतो, त्याचं बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग, संशयित.

चेंबर उतरवलंच तर जाळी, ओ-रिंग आणि पंप तिन्ही बघायचे. पंपाच्या तोंडावर सरळ पट्टी धरून गिअरखालची फट फीलर गेजने मोजा, ०.१० मिमीच्या पुढे गेली तर बहुतेक पंप झिजलेले निघतात. कव्हरवर चरे असतील तर काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट घासता येतं. मग प्लास्टिगेज, म्हणजे बेअरिंगमध्ये दाबून फट मोजायचा मऊ धागा. ५० मिमी जर्नलला, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या भागाला, फट साधारण ०.०५ मिमी. ती दुप्पट झाली तर गळती दुप्पट नाही, जवळपास आठपट होते. त्यापुढे नवा पंप टाकून काय उपयोग?

पक्या : मग खालूनच बेअरिंग बदलून टाकू.

सतीश : आधी जर्नल मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोज. अंडाकृती असेल तर नवं बेअरिंगही टिकणार नाही, क्रँक ग्राइंडिंगला जाणार. आणि पंप परत बसवताना त्यात ऑइल भर, प्लग काढून स्टार्टर मार, गेजचा काटा हलला की मगच प्लग लाव.