आईचं गोदरेज

गेल्या महिन्यात सांगली जिल्ह्यातलं पलूसचं घर आवरायला गेले होते. आण्णा जाऊन दोन वर्षं झाली, आई आता पुण्यात माझ्याकडे असते, आणि बंद घर वाळवी खायला लागली होती. भांडी भावानं नेली, पुस्तकं शाळेला दिली. राहिलं होतं ते मधल्या खोलीतलं कपाट. चौघांनी मिळून ते भिंतीपासून ओढलं, तेव्हा त्याची पाठ मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. खालच्या कोपऱ्यात दोन स्क्रूंनी बसवलेली एक छोटी पत्र्याची पट्टी होती. तिच्यावर सांगलीतल्या एका वर्कशॉपचं नाव होतं.

आमचं 'गोदरेज' गोदरेजचं नव्हतंच.

"गोदरेजमधून टॉवेल काढ", "गोदरेजची किल्ली कुठंय", "मार्कशीट गोदरेजात ठेव" हे ऐकत आम्ही भावंडं लहानाची मोठी झालो. आमच्या भागात लोखंडी कपाट म्हणजे गोदरेज, जसं वनस्पती तूप म्हणजे डालडा. पण मला कायम वाटत आलं होतं की आमचं मात्र अस्सल आहे. शाळेत मैत्रिणींना मी तसं छाती काढून सांगितलंही होतं. ब्रँड माणसाला घडवतो असं म्हणतात, तसंच काहीसं.

आई बाहेर कट्ट्यावर बसली होती. तिला सांगितलं, तर मान वर न करता म्हणाली, "म्हाईत हुतं की."

"मग आम्ही सगळी गोदरेज म्हणायचो तेव्हा बोलली का नाहीस?"

"म्हणू दे की. तुमास्नी बरं वाटायचं."

मग तिनं मला कपाटाच्या लॉकरमधली प्लॅस्टिकची पिशवी आणायला लावली. एलआयसीचे कागद, जुनं रेशनकार्ड, माझे आणि भावाचे जन्माचे दाखले, आणि तळाला चार घड्या घातलेलं पिवळं पडलेलं बिल. सन 1988. रुपये 1,850. आणि 'नाव' लिहिलं होतं तिथं आण्णांचं नाही, आजोबांचं नाही, आईचं नाव. "दुकानदार गुरुजींचं नाव घालत हुता," आई म्हणाली, "मी म्हटलं, पैसं माझं, नाव माझं घाल."

हे पैसे कुठून आले ते मला ठाऊक होतं, पण कधी जोडून पाहिलं नव्हतं. आमच्याकडे दोन म्हशी होत्या. आण्णा प्राथमिक शिक्षक, त्यांचा पगार घरखर्चात आणि काकांच्या शिक्षणात जायचा. म्हशी आईच्या. पहाटे धार काढून ती किटली घेऊन डेअरीवर जायची. मापाला रांग, मग फॅट काढायची, वहीत आकडा, आणि दर दहा दिवसांनी दूधबिल. त्यातून वैरण-पेंड वजा जाता जे उरायचं ते भिशीत. ती भिशी लागली आणि कपाट आलं.

दूध जायचं चितळेंकडे. पुण्यात आल्यावर माझ्या लक्षात आलं की इथं चितळे म्हणजे बाकरवडी. लोक कौतुकानं सांगतात, परदेशी जाताना पाव-पाव किलोचे पुडे नेतात, त्यात पुणेकर असण्याचा मान आहे. असू दे, चांगलीच आहे बाकरवडी. पण 1939 साली भिलवडीत सुरू झालेला तो दुधाचा धंदा आमच्या घराला वेगळ्या बाजूनं माहीत आहे. आम्ही त्या नावाचं गिऱ्हाईक नव्हतो. आम्ही त्याच्या दुसऱ्या टोकाला होतो, किटली घेऊन. एकदा उन्हाळ्यात म्हैस आटत आली, दूध कमी पडायला लागलं, तेव्हा शेजारणीनं आईला पाण्याचा सल्ला दिला. आईनं उत्तर दिलं नाही, पण त्या बाईकडून विरजण आणायचंही बंद केलं. माझ्या मते माझी ओळख घडली असेल तर ती तिथं, त्या कमी भरलेल्या किटलीपाशी. आजही हिशोबात एखादा आकडा जरा फुगवून लिहा म्हणून कुणी सांगितलं की मला ती शेजारीण आठवते.

म्हणून "ब्रँड माणसाला घडवतो" हे वाक्य मला अर्धवट वाटतं. आमच्या पट्ट्यात तर ब्रँड गावं घडवतो. पलूसपासून हाकेच्या अंतरावर किर्लोस्करवाडी. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना काढला, तेव्हा रेल्वे स्टेशनचं नाव कुंडल रोड होतं. लोखंडी नांगरानं जमिनीत विष भिनेल म्हणून शेतकरी त्याला हात लावत नव्हते, आणि पुढं त्याच शेतकऱ्यांच्या नातवांची ओळख "वाडीत कामाला आहे" एवढ्या तीन शब्दांत व्हायला लागली. मुलीचं स्थळ बघताना ते तीन शब्द पुरायचे. यात वस्तू वापरणारा कुठं आला? ती बनवणाऱ्यांची ओळख आहे ही.

गोदरेजची गोष्टही मी परवा लेकीला सांगितली. अर्देशीर गोदरेज शिकलेले वकील, पण वकिलीत मन रमलं नाही. मग तीन हजार रुपये उसने घेऊन त्यांनी शस्त्रक्रियेची हत्यारं बनवली. माल चांगला उतरला होता. विकणारी कंपनी तयारही होती, पण त्यावर 'हिंदुस्थानात बनवलेलं' असा छाप चालणार नाही म्हणाली. अर्देशीर छापावर अडून बसले आणि तो धंदा बंद करावा लागला. 1897 मध्ये लालबागला कुलपं सुरू केली ती त्यानंतर. देशाच्या पहिल्या निवडणुकीसाठी 12 लाखांहून अधिक लोखंडी मतपेट्या त्यांच्याच विक्रोळीच्या कारखान्यातून गेल्या. कपाटं तर घराघरांत गेलीच. पण मला त्या सगळ्यापेक्षा पहिल्या बुडालेल्या धंद्याची गोष्ट जवळची वाटते. वस्तूवर कुणाचं नाव असावं यासाठी माणूस नुकसान सोसतो. माझ्या आईनं दुकानात तेच केलं. कपाटावर कुणाचं नाव आहे याची तिला फारशी फिकीर नव्हती. बिलावर कुणाचं आहे याची होती.

आणि का असू नये? नव्वदच्या आसपास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करा म्हणून. गावोगावी काही घरांनी केला. आमच्या घरानं केला नाही. आण्णा चांगले होते, मुलीला शिकवायचं हा हट्ट त्यांचाच, पण सातबाऱ्याचा विषय त्यांनी कधी काढला नाही हे मला आज सांगावंसं वाटतं. आईच्या नावावर घर नव्हतं, रान नव्हतं. एक कपाट होतं. 2024 मध्ये सरकारनं मुलांच्या नावापुढं आईचं नाव लावणं सक्तीचं केलं, ती बातमी मी आईला मोठ्यानं वाचून दाखवली होती. तिनं परत एकदा वाचायला लावली.

तिला ब्रँडचं आकर्षण नव्हतं असं मात्र मी म्हणणार नाही. खोटं होईल ते. दिवाळीला मोती साबण यायचाच. वर्षभर घरात लाल लाईफबॉय, आणि नरकचतुर्दशीला पहाटे उटण्यानंतर तो गोल, जाडजूड, हातात न मावणारा मोती. चार दिवस वापरायचा, मग पुसून, कागदात गुंडाळून गोदरेजात. पाहुणे आले की बाहेर. आमच्या कपड्यांना डांबराच्या गोळ्यांचा आणि मोतीचा मिसळलेला वास यायचा, आणि तो वास म्हणजे माझ्यासाठी आमचं घर.

म्हणून लेक नववीत गेल्यावर एका विशिष्ट कंपनीच्या बुटांसाठी अडून बसली, तेव्हा मी तिला "आमच्या वेळी" सुरू केलं नाही. ती म्हणाली, मुली आधी पाय बघतात गं. मला ते समजलं. मीही तर शाळेत गोदरेजची फुशारकी मारत होते. चारचौघांत आपलं काहीतरी उठून दिसावं ही इच्छा लहान नाही, आणि तिची टिंगल करणाऱ्या मोठ्या माणसांचा मला राग येतो. बूट घेतले. फक्त सहा महिने तिनं खाऊचे पैसे साठवून अर्धी रक्कम घातली, आणि ते साठवताना ती जशी वागली, दर रविवारी डबा ओतून मोजणं, वहीत लिहिणं, ते पाहून आई मला स्वयंपाकघरातून हळूच म्हणाली, "भिशी लावलीया पोरीनं."

भंगारवाला कपाटाचा किलोवर भाव करत होता. मी दिलं नाही. नवऱ्यानं विचारलं, फ्लॅटमध्ये ठेवणार कुठं? ठेवू कुठंतरी. आरशाच्या उजव्या कडेला आईच्या टिकल्या चिकटवलेल्या आहेत, सात-आठ, काही इतक्या जुन्या की नुसता डिंकाचा ठिपका उरलाय. आण्णा गेल्यानंतर तिनं नव्या लावल्या नाहीत आणि जुन्या काढल्याही नाहीत. मीही आरसा पुसताना तेवढी कड सोडली.

टेम्पोत चढवताना पोरं घामाघूम झाली. एकजण म्हणाला, "ताई, लई जड हाय. ओरिजिनल गोदरेज दिसतंय."

आई पुढच्या सीटवर बसली होती, किल्ल्यांचा जुडगा कमरेला. तिनं काचेतून माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "होय. आईचं आहे. सांभाळून."