‘हाताने अपडेट केलेत तर पूल मोडेल’: मर्जरएफएसविषयीच्या एका प्रचलित सल्ल्याचा प्रतिवाद

घरच्या सर्व्हरवर लहानमोठ्या डिस्क एकत्र करून वापरणाऱ्यांमध्ये एक सल्ला बराच काळ फिरत आहे. त्याचा आशय असा: मर्जरएफएस हे अनेक डिस्क एकत्र जोडून त्यांचा एकच साठा, म्हणजे ‘पूल’, दाखवणारे सॉफ्टवेअर कधीही हाताने अपडेट करू नये, कारण तसे केल्यास पूल मोडतो, तो नव्याने बांधावा लागतो आणि डेटा जाण्याची शक्यता असते, डेबियन हे लिनक्सचे वितरण जी आवृत्ती देईल तीच पुरेशी आणि सुरक्षित असते, आणि करायचेच असेल तर नवे पॅकेज टाकले की काम संपते, बाकी काही बंद करावे लागत नाही. हा सल्ला जिथे धोका नाही तिथे भीती दाखवतो आणि जिथे खरोखर धोका आहे तिथे निर्धास्त राहायला सांगतो, म्हणून त्याचा एकेक मुद्दा तपासणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा डेटा जाण्याचा. मर्जरएफएस डिस्कवर स्वतःचे असे काहीही लिहून ठेवत नाही. प्रत्येक फाइल अखंडपणे कोणत्या तरी एकाच डिस्कवर असते, ती डिस्क एक्स्ट४ किंवा एक्सएफएस अशा नेहमीच्या फाइल सिस्टिमने फॉरमॅट केलेली असते, आणि पूल म्हणजे या सर्व डिस्कवरील फोल्डर एकत्र दाखवणारा केवळ एक थर असतो. पॅकेज पूर्ण काढून टाकले तरी एकही फाइल हलत नाही. एखादी डिस्क काढून दुसऱ्या लिनक्स संगणकाला जोडली तर तिच्यावरच्या फाइल तिथेही उघडतात. ‘पूल नव्याने बांधणे’ या शब्दांना इथे अर्थच उरत नाही, कारण पूलची सारी व्याख्या एफएसटॅबमधील, म्हणजे सुरू होताना काय कुठे जोडायचे हे सांगणाऱ्या लिनक्सच्या फाइलमधील, एका ओळीत मावते.

ही भीती बहुधा दुसऱ्या व्यवस्थांकडून उसनी आलेली असावी. अनेक डिस्क एकत्र बांधणाऱ्या रेड ५ या पद्धतीत एकाच फाइलचे तुकडे अनेक डिस्कवर पसरलेले असतात, त्यामुळे ती मांडणी जुळवणारे सॉफ्टवेअर नीट चालले नाही तर एकट्या डिस्कचा उपयोग होत नाही. झेडएफएस या फाइल सिस्टिममध्ये पूलचे स्वतःचे स्वरूप डिस्कवर नोंदलेले असते, आणि ‘झेडपूल अपग्रेड’ ही आज्ञा दिल्यावर सुरू होणारी नवी वैशिष्ट्ये मागे घेता येत नाहीत. ती वापरात आली की जुन्या आवृत्तीला तो पूल उघडता येईलच असे नाही. मात्र तिथेही सॉफ्टवेअर अपडेट करणे आणि पूलचे स्वरूप बदलणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि दुसरी आपोआप घडत नाही. झेडएफएसबाबतची ही सावधगिरी योग्यच आहे, पण ती मर्जरएफएसला लावणे चुकीचे आहे.

मग ‘अपडेट केले आणि फाइल गेल्या’ असे सांगणारे लोक खोटे बोलतात का? मला तसे वाटत नाही. त्यांना फाइल खरोखरच दिसल्या नसतील. अपडेटनंतर सर्व्हर रीबूट होतो, एखादी जुनी डिस्क जागी व्हायला वेळ लावते, एफएसटॅबमध्ये तिच्यापुढे ‘नोफेल’ लिहिलेले असल्यामुळे सर्व्हर तिच्याविना पुढे सरकतो, आणि त्या डिस्कच्या जागी असलेला रिकामा फोल्डर पूलमध्ये सामील होतो. पूल उघडतो, पण त्या डिस्कवरचा भाग त्यात दिसत नाही. मुलांचे सात-आठ वर्षांचे फोटो असे एकाएकी नाहीसे झालेले पाहिल्यावर माणूस घाबरणारच, आणि शेवटची गोष्ट अपडेट ही असल्याने दोषही तिलाच देणार. प्रत्यक्षात ती डिस्क माउंट करून, म्हणजे तिच्या फोल्डरच्या जागी जोडून, पूल पुन्हा जोडला की सर्व फाइल परत दिसतात. त्या घबराटीत डिस्क फॉरमॅट करून ‘पूल नव्याने बांधला’, तर मात्र डेटा नक्की जातो.

दुसरा मुद्दा डेबियनची आवृत्ती पुरेशी असल्याचा. डेबियनच्या स्थिर शाखेत पॅकेजची आवृत्ती गोठवलेली असते. सुरक्षेच्या आणि गंभीर दोषांच्या दुरुस्त्या वगळता तिच्यात नवे काही येत नाही, आणि हेच तिचे उद्दिष्ट आहे. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये मर्जरएफएसची २.३३.५ ही आवृत्ती होती आणि ऑगस्ट २०२५ मधील डेबियन १३ मध्ये २.४०.२ आली, म्हणजे डेबियन १२ वर थांबलेला माणूस मधल्या काळातील सर्व सुधारणांपासून दूर राहिला. मर्जरएफएसच्या निर्मात्यांचे दस्तऐवज याविषयी स्पष्ट आहेत: डेबियन किंवा उबंटूचे अधिकृत पॅकेज जवळपास निश्चितच जुने असेल, म्हणून प्रकल्पाच्या गिटहब पानावरील आपल्या वितरणासाठीचे पॅकेज घ्यावे, आणि दोष कळवण्याआधी नवी आवृत्ती वापरून पाहावी. या मुद्द्यात एक अंश मात्र खरा आहे, तो मी मान्य करतो. हाताने उतरवलेल्या पॅकेजमागे कोणतेही भांडार नसते, त्यामुळे पुढच्या दुरुस्त्या आपोआप मिळत नाहीत आणि लक्ष ठेवण्याची जबाबदारी आपल्यावर येते. ज्याला ते जमणार नाही आणि ज्याचा पूल विनातक्रार चालू आहे, त्याने डेबियनचेच पॅकेज ठेवावे. मात्र कारण आपल्या सवडीचे आहे, डेटाच्या सुरक्षिततेचे नाही, हे त्याला माहीत असावे.

तिसरा मुद्दा मला सर्वाधिक घातक वाटतो: पॅकेज टाकले की काम संपले. मर्जरएफएस हा फ्यूजच्या, म्हणजे कर्नलबाहेरून फाइल सिस्टिम चालवू देणाऱ्या लिनक्सच्या सोयीच्या, आधारे चालणारा कार्यक्रम आहे, म्हणजे पूल माउंट असेपर्यंत त्याची एक प्रक्रिया सतत चालू असते. डीपीकेजी या डेबियनच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने नवे पॅकेज बसवले की डिस्कवरील कार्यक्रम बदलतो, पण चालू प्रक्रिया स्मृतीत उघडलेली जुनीच प्रत वापरत राहते. म्हणूनच आवृत्ती विचारणारी आज्ञा नवा आकडा सांगते आणि पूल मात्र जुन्याच आवृत्तीवर चालू असतो. एखादा दोष ‘नव्या आवृत्तीतही तसाच आहे’ अशा तक्रारींचे एक कारण हेच असते. चालू पूलची खरी आवृत्ती हवी असेल तर पूलच्या मुळाशी असलेल्या ‘.मर्जरएफएस’ या आभासी फाइलचे आवृत्तीविषयक विस्तारित गुणधर्म ‘गेटफॅटर’ने वाचावे लागतात. नवी आवृत्ती लागू होण्यासाठी पूल अनमाउंट करून पुन्हा माउंट करणे किंवा सर्व्हर रीबूट करणे याला पर्याय नाही.

आणि अनमाउंट करायचे तर पूल वापरणारे सर्व काही आधी थांबवायला हवे. नेटवर्कवर फाइल वाटणाऱ्या सांबा आणि एनएफएस या सेवा तर थांबवाव्यातच, पण विशेष काळजी डॉकरची, म्हणजे कार्यक्रम ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवणाऱ्या साधनाची, घ्यावी लागते. कंटेनर सुरू होताना त्याला पूलचे माउंट दिले जाते आणि सामान्यतः यजमान सर्व्हरवर नंतर झालेला बदल त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे बाहेर नवा पूल उभा राहिला तरी आतला कंटेनर जुन्याच प्रक्रियेला धरून बसतो आणि दोन आवृत्त्या एकाच वेळी चालू राहतात. याहून वाईट प्रसंग मधल्या रिकाम्या वेळेत घडतो. पूल उतरलेला, म्हणजे अनमाउंट केलेला, असताना एखादा कंटेनर स्वतःहून पुन्हा सुरू झाला, तर त्याला रिकामा फोल्डर मिळतो. आतले उपफोल्डर नसतील तर आज्ञेच्या नेहमीच्या लिखाणपद्धतीत डॉकर ते स्वतःच तयार करतो, आणि कंटेनर सर्व नव्या फाइल मुख्य एसएसडीवर लिहू लागतो. नंतर पूल त्याच जागी माउंट झाला की त्या फाइल त्याच्याखाली झाकल्या जातात. माझ्या घरी हे घडले आहे. एसएसडी भरत कशाने आली हे शोधण्यात दोन संध्याकाळी गेल्या, आणि त्या फाइल सापडल्या त्या पूल उतरवल्यावरच.

यावर उपाय साधा आहे आणि तो मर्जरएफएसच्या दस्तऐवजांतही सुचवलेला आहे. पूल उतरलेला असताना त्याच्या रिकाम्या माउंट-फोल्डरवर ‘चॅटर’ने अपरिवर्तनीयतेची खूण करून ठेवावी. मग पूल नसताना तिथे कोणालाच, अगदी रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्यालाही, काही लिहिता येत नाही आणि कंटेनर चुकीच्या जागी लिहिण्याऐवजी त्रुटी दाखवून थांबतो. प्रत्येक डिस्कच्या माउंट-फोल्डरलाही हेच करावे. ‘पूल व्यस्त आहे’ असा संदेश आला की आळशी अनमाउंट (वापर संपेपर्यंत प्रत्यक्ष उतरवणे लांबवणारा पर्याय) वापरण्याचा मोह मात्र टाळावा, कारण तो अडथळा दूर करत नाही, केवळ दृष्टीआड करतो.

पॅरिटीसाठी, म्हणजे बिघडलेल्या डिस्कवरचा डेटा परत मिळवता यावा म्हणून, स्नॅपरेड वापरणाऱ्यांनाही अपडेटनंतर सर्व पुन्हा मोजावे लागेल असे सांगितले जाते. स्नॅपरेड पूलवर नव्हे तर थेट प्रत्येक डिस्कवर काम करते, त्यामुळे तिला मर्जरएफएसच्या आवृत्तीचे सोयरसुतक नसते.

मूळ सल्ल्यात न आलेली, पण यायला हवी होती अशी एक गोष्ट म्हणजे एफएसटॅबमधील पर्याय. ‘यूज आयनो’ किंवा ‘अलाउ अदर’ यांसारखे जुने पर्याय आता आवश्यक राहिलेले नाहीत, आणि नवी फाइल कोणत्या डिस्कवर जावी हे ठरवणारे मूलभूत धोरणही बदलले आहे. पूर्वी ते ‘ईपीएमएफएस’ होते, म्हणजे तो फोल्डर आधीपासून ज्या डिस्कवर आहे तिथेच नवी फाइल जात असे. नव्या आवृत्त्यांत ते ‘पीएफआरडी’ आहे, ज्यात उपलब्ध जागेच्या प्रमाणात यादृच्छिक निवड होते. ज्याने धोरण स्पष्ट लिहिलेले नाही, त्याच्या फाइल अपडेटनंतर वेगळ्या रीतीने पसरू लागतील. यात फाइल हरवत नाहीत, पण एका मालिकेचे सर्व भाग एकाच डिस्कवर ठेवणाऱ्याची घडी विस्कटते. म्हणून अपडेटपूर्वी हवे ते धोरण एफएसटॅबमध्ये स्वतः लिहावे, त्या फाइलची एक प्रत बाजूला ठेवावी, आणि आधीच्या आवृत्तीचे पॅकेजही जपून ठेवावे: नवी आवृत्ती पटली नाही तर पूल उतरवून जुने पॅकेज बसवायचे आणि जुन्या एफएसटॅबने पूल पुन्हा माउंट करायचा, एवढेच काम असते, आणि त्यात डिस्कवरील एकाही फाइलला हात लागत नाही.